उणे पाच

तिफण दैवशाला हाकत होती आणि मागं चाड्यावर सासू ज्वारी सोडत होती. सासूची, तानुबाईची, मूठ थरथरायची. कुठं दाणे दाट पडत, कुठं तास रिकामाच जाई. दैवशाला मागं बघायची नाही. मागं बघितलं की बैल वाकडे व्हायचे आणि वावराला लागूनच पोखर्णीचा रस्ता होता. रस्त्यानं जाणारा माणूस थांबल्याशिवाय पुढं जात नव्हता.

"बन्सीधर, बायको तास सरळ धरायलीय की रं!" एकानं गाडीतूनच हाळी दिली. गाडीतले बाकीचे हसले.

बन्सीधर बांधावर बाभळीखाली बसला होता. उजव्या हाताचं थोटूक त्यानं धोतराच्या सोग्यात घेतलं. गेल्या माघात थोरल्या भावाच्या चरकात ऊस घालताना त्याचा हात कांडक्याबरोबर आत ओढला गेला होता. बैल थांबवेपर्यंत मनगट गेलं. परभणीच्या दवाखान्यात उरलेलं कापलं. तेव्हापासून थोरला भाऊ किशनराव त्याच्याशी बोलताना त्याच्या तोंडाकडं किंवा पायांकडं बघायचा, मधे कुठं बघायचा नाही.

पेरणीचे दिवस संपता संपता किशनराव घरी आला. दैवशाला पदर ओढून दाराआड उभी राहिली.

"हे असं किती दिस चालंल?" किशनराव आईला म्हणाला. "बाईमाणूस तिफण हाकायलंय, लोक मला इचारायलेत. औंदाचं पीक निघू द्या. मिरगाच्या आत मी वावर दुसऱ्याला बटईनं लावतो. ह्या दोघांनी कारखान्यावर ऊस तोडायला जावं. कोयता हिनं चालवावा, मोळ्या ह्यानं बांधाव्या."

"एका हातानं मोळी कशी बांधंल रे त्यो?" तानुबाई म्हणाली.

किशनराव उठला, वहाणा घातल्या आणि अंगणातूनच म्हणाला, "मग तुमीच सांगा काय करायचं. मिरगापर्यंत सांगा."

काय करायचं ते आठ दिवसांनी भुजंग गुरुजींनी सांगितलं. हे गावातल्या शाळेवर नवीन आलेले पोरगेले मास्तर. ते बन्सीधरला वावरातच गाठून, दैवशालाच्या देखत म्हणाले, "वहिनी पाचवीपर्यंत शिकल्यात म्हणे?"

खरं होतं. पेडगावात दैवशालाच्या बापाच्या ओसरीवर मराठी शाळा भरायची. निजामाच्या अंमलात ती कधी चालायची, कधी बंद पडायची. पोरांच्या मागं बसून ती पाचवीपर्यंतचं सगळं शिकली होती.

"मुलींच्या शाळांना बाया मिळेनात," गुरुजी म्हणाले. "सातवी पास झालेल्या बाईला वर्षभर ट्रेनिंगला पाठवतात आणि मग शाळेवर घेतात. सातवीला बाहेरून बसता येतं. चैत्रात परभणीला परीक्षा. भाषा, इतिहास त्यांना जमेल. फक्त गणितात बीजगणित आहे. ते कुणीतरी शिकवायला पाहिजे."

"तुमी शिकवा की."

गुरुजी घुटमळले. त्यांचं लग्न व्हायचं होतं. ते घरी येऊन शिकवायला लागले असते तर चार दिवसांत गावात काय बोललं गेलं असतं ते तिघांनाही ठाऊक होतं. "पुस्तक देतो," ते म्हणाले.

ते गेल्यावर बन्सीधर बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसला. मग दैवशालाला म्हणाला, "हे तर आमच्या उर्दू शाळेतलं जबर-मुकाबला हाय. मला येतं हे."

तो उर्दू मिडल पास होता. चार वर्षं तहसिलीत कारकुनी केलेली. पोलिस अॅक्शन झाली, दप्तर मराठीत गेलं आणि त्याला मोडीही धड येत नव्हती, बाळबोध तर अक्षर अक्षर लावून वाचावी लागे. तो घरी येऊन नांगराला लागला होता. त्याला आता सात सालं झाली होती. त्या कारकुनीतलं, शाळेतलं काही त्याला कधी कामाला आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भाकरीनंतर त्यानं बांधावरची माती डाव्या हातानं सपाट केली आणि काटकीनं लिहिलं. डावा हात अजून लिहायला शिकला नव्हता. अक्षरं पोरानं काढल्यासारखी पडली. आणि तो लिहीत होता उजवीकडून डावीकडं.

"ला अधिक सात बराबर पंधरा," तो म्हणाला. "सांग, ला किती?"

"ला म्हंजी?"

"जे ठाऊक न्हाई ते. त्याला आमचे मौलवीसाब ला म्हणायचे."

"आन पुस्तकात क्ष लिवलंय."

"एकच ते. सांग."

"आठ."

"कसं आलं?"

"आलं. दिसायलंच की, आठ आन सात पंधरा."

"असं न्हाई चालत," बन्सीधर म्हणाला. "जवाबाला मार्क न्हाईत, पायऱ्यांना हायत. सात ह्या बाजूचा त्या बाजूला न्यायचा. बाजू बदलली की निशाण बदलतं. अधिकचं उणे होतं. पंधरा उणे सात. मग आठ."

"निशाण कामून बदलतं?"

"बदलतं. मौलवीसाबांनी सांगितलंय."

"पण कामून?"

त्याला सांगता येईना. त्यानं पाठ केलं होतं, आणि छडीच्या भीतीनं केलेलं ते पाठांतर वीस वर्षांत हललं नव्हतं. पण कामून म्हणून कुणी विचारलं नव्हतं. तो चिडला. "इचारत बसू नको. पाठ कर," म्हणाला आणि पायानं माती मोडून टाकली.

मार्गशीर्ष, पौष असेच गेले. सकाळी आडावरचं पाणी, शेण, भाकरी, मग वावर. तीन वर्षांची लेक पारू सासूजवळ. दुपारी बांधावर अर्धा तास गणित. बोटांना कापसाच्या बोंडांनी चिरा पडलेल्या असत, पाटीवरची पेन्सिल त्यात टोचे. सोपं उदाहरण तिला तोंडी येई. पण दोन्हीकडं क्ष आले की तिचा गोंधळ व्हायचा. कुणाला कुठं न्यायचं, कुणाचं निशाण बदलायचं, सगळं घसरायचं. कधी न नेताच निशाण बदलायची, कधी नेऊनही बदलायची नाही. एकाच उदाहरणाची तीन उत्तरं तीन दिवशी यायची.

"डोस्क्यात भुसा भरलाय," एकदा बन्सीधर म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला वाईट वाटलं असावं. त्यानं तिच्या हातातला पाण्याचा तांब्या स्वतः घ्यायला बघितला. पण सवयीनं उजवं थोटूकच पुढं झालं. तांब्या कलंडला.

बाया पाणवठ्यावर तिला "मास्तरीण" म्हणायला लागल्या होत्या. म्हणताना एकमेकींकडं बघायच्या.

माघात ज्वारी काढली. कणसं खुडून झाली, कडब्याच्या पेंढ्या बांधून झाल्या. गाड्या दोन आणल्या होत्या, एक घरची, एक किशनरावाची. पेंढ्या दोघा भावांत बरोबर वाटायच्या होत्या, कारण बांधाकडचा पट्टा सामाईक होता. वीस-वीस पेंढ्यांची बुचाडं करून ठेवली होती. दैवशालानंच केली होती. त्यांच्या गाडीत तीन बुचाडं आणि वर बारा सुट्या पेंढ्या. किशनरावाच्या गाडीत एक बुचाड, बाकी सगळ्या बावन्न सुट्याच.

ती बाभळीला टेकून उभी होती. कडब्यानं हातभर खाज उठली होती. तिनं गाड्यांकडं बघितलं आणि ती तशीच बघत राहिली.

"काय झालं?" बन्सीधरनं विचारलं.

"थांबा." ती पुढं झाली. "एका बुचाडात किती हायत ते आपल्याला ठाऊक न्हाई म्हणा. पण गाड्या बराबर हायत. मग ह्या गाडीतल्या बारा सुट्या खाली टाकल्या तर बराबर ऱ्हायला त्या गाडीतल्या बी बाराच टाकाव्या लागतील."

"बरं."

"तिथं चाळीस ऱ्हायल्या. आता हितलं एक बुचाड काढलं तर तिथलं बी एक काढायचं. हितं दोन बुचाडं, तिथं चाळीस पेंढ्या. एक बुचाड इसाचं." तिचा श्वास जोरात चालला होता. "अवो, कुणी बाजूला जात न्हाई. निशाण बी कुणाचं बदलत न्हाई. दोन्हीकडून सारखंच काढायलोत आपण. काढलं म्हणून उणे."

बन्सीधर गाडीच्या साटीला धरून उभा होता. त्यानं मनात ते फिरवून बघितलं. मौलवीसाबांची छडी, वीस वर्षं, आणि हे इतकं साधं होतं. "पुन्हा सांग," तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं. पलीकडून किशनराव ओरडला, "गाड्या हाका की! उभ्यानं काय भाषणं करायलेत!"

त्या दिवसापासून उदाहरणं सुटायला लागली. बन्सीधर पुस्तकातून एकेक निवडून द्यायचा. एका धड्यापाशी मात्र तो थांबला. वरचं नाव अक्षर लावून वाचलं, 'ऋण संख्या'. आतली दोन-चार उदाहरणं बघितली आणि पानं उलटली. "हे आमच्या किताबीत नव्हतं," तो म्हणाला. "हे सोड. जवाब उणे कधी येत न्हाई. उणे आला की समजायचं, कुठंतरी चुकलं."

फाल्गुनात तो तापानं चार दिवस पडून होता. त्याच्या उशाशी बसून दैवशालानं तो धडा वाचला. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा थोडं कळलं. शून्याच्या अलीकडं पण आकडे असतात असं त्यात लिहिलं होतं. तिनं चार उदाहरणं पाटीवर केली, मागं उत्तरं ताडून बघितली, तीन बरोबर आली. तो जागा व्हायच्या आत तिनं पाटी पुसली. त्यानं सोड म्हटलेलं आपण केलं, हे तिला सांगवेना.

चैत्रात परीक्षेला गाडी जुंपून दोघं परभणीला गेली. पारू रडत मागं धावली. तानुबाईनं तिला कडेवर उचललं आणि सुनेच्या हातावर दह्याची कवडी ठेवली. तोंडानं मात्र म्हणाली, "लवकर ये. घरात पाणी न्हाई."

शाळेच्या पटांगणात तेरा-चौदा वर्षांची पोरं होती. तिच्या वयाचं कुणीच नव्हतं. वर्गात ती बाकावर बसली तर गुडघे वरच्या फळीला लागले. पर्यवेक्षक आला आणि तिच्याजवळ थांबला. "बाई, पोरांच्या आयांनी बाहेर बसायचं."

"मी परीक्षेला हाय."

त्यानं तिच्या हातातलं कार्ड घेतलं, उलटं-पालटं केलं, नाव मोठ्यानं वाचलं. पोरं हसली. एकानं मागं वळून बघितलं आणि दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. दैवशालानं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला.

भाषेचा पेपर बरा गेला. दुसऱ्या दिवशी गणिताचा. बेरजा, व्याज, क्षेत्रफळ झालं. बीजगणिताचं पहिलं उदाहरण तिनं लिहायला घेतलं आणि दोन ओळी झाल्यावर थांबली. ती कागदाच्या उजव्या कडेपासून लिहीत होती. क्षच्या जागी ला लिहिला होता. बन्सीधरच्या बांधावरच्या मातीत जसं असायचं, हुबेहूब तसंच. शेजारचं पोरगं भराभरा पान उलटत होतं. तिनं दोन्ही ओळींवर काट मारली. काट मारलेलं तपासणाऱ्याला दिसेल, त्याला काय वाटेल, ह्या विचारानं पेन हातात फिरेना. घंटेचा एक ठोका पडला. अर्धा तास राहिला.

डावीकडून, क्ष लिहून तिनं पहिली तीन केली. चौथं होतं: पाच क्ष अधिक एकोणीस बरोबर दोन क्ष अधिक चार. दहा गुण.

दोन्हीकडून दोन क्ष काढले. तीन क्ष अधिक एकोणीस बरोबर चार. आता दोन्हीकडून एकोणीस काढायचे. पण पलीकडं चारच होते. चारातून एकोणीस कुठून काढायचे?

उणे आला की समजायचं, कुठंतरी चुकलं. तिला त्याचा आवाज कानाशी ऐकू आला. तिनं उदाहरण पुन्हा बघितलं. आकडे बरोबर उतरवले होते. तिनं लिहिलं, तीन क्ष बरोबर उणे पंधरा. मग लिहिलं, क्ष बरोबर उणे पाच. आणि लिहिलेल्याकडं बघत बसली. उणे पाच पेंढ्या कुणी बघितल्यात?

तिनं ताळा करून बघितला. क्षच्या जागी उणे पाच. पाच पंचे पंचवीस, उणे. त्यात एकोणीस घातले, तरी सहा उणेच राहिले. दुसऱ्या बाजूला दोन पंचे दहा, उणे. त्यात चार घातले. सहा उणे. दोन्हीकडं सहा उणे.

जुळत होतं. तरी तिचा हात खोडण्यासाठी पुढं गेला, थांबला, पुन्हा गेला. पर्यवेक्षक कागद गोळा करत तिच्या रांगेत आला. तिनं खोडलं नाही. कागद दिला.

परत येताना पिंगळीचा फाटा आला. मग बन्सीधरनं कासरा मांडीखाली दाबला आणि विचारलं, "जवाब सांग."

तिनं सांगितले. तीन झाले. चौथा सांगताना आवाज खाली गेला. "उणे पाच."

"काय?"

"उणे पाच आला."

"आन तसंच ठेवलंस?"

"ताळा जुळला."

"कसला ताळा! तुला सांगितलं होतं, उणे येत न्हाई. दहा मार्क गेले. पस्तीसला पास, आन दहा मार्क घालवलेस! पुन्हा करून बघायचं होतं की."

"केलं. दोनदा केलं. पुस्तकात हाय तसं, ऋण संख्येचा..."

"त्यो धडा सोड म्हणलं होतं ना मी?"

त्याला कळलं की तिनं धडा वाचलाय आणि त्याच्या मागं वाचलाय. गाडीची चाकं धुळीत कुरकुरत होती. त्याच्या डोळ्यांसमोर कोयता आणि उसाचा फड आला. फडात मोळी दातानं धरून बांधणारा एक माणूस होता. "तुझं तुला कळतं आता," तो म्हणाला आणि बैलांना विनाकारण चाबूक हाणला.

वैशाख फार कठीण गेला. आडाला पाणी तळाशी गेलं. बन्सीधर घरात बोलेना. सकाळी उठायचा आणि बांधावर जाऊन एकटाच बसायचा. दैवशाला भाकरी घेऊन गेली की पायानं माती मोडायचा. काय लिहितो ते तिला बघू द्यायचा नाही. एकदा तिला तो सकाळी बसला होता तिथं पुसायचं राहून गेलेलं काही दिसलं. एकोणीस, चार, त्यावर काटाकाटी, पुन्हा एकोणीस, पुन्हा चार. तिनं ते तसंच ठेवलं आणि भाकरीचं फडकं लांब मांडलं.

किशनराव दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला वावर बटईनं करणारा माणूसही बरोबर आणला होता. त्या माणसानं बांधावरून फिरून जमीन बघितली, ढेकूळ हातात घेऊन फोडलं, मग दोघे घरी आले. दैवशाला घरात पारूच्या केसांना तेल लावत होती. बोटं केसांत तशीच थांबली. "मिरगाला अजून बारा दिस हायत," तानुबाई थोरल्या लेकाला म्हणाली. "बारा दिस थांब."

ज्येष्ठ लागला तेव्हा सगळे धसकटं वेचत होते. ऊन मी म्हणत होतं. भुजंग गुरुजी वावरातून चालत आले, हातात कागद होता. किशनरावही त्याच दिवशी उत्तर न्यायला आला होता. तो बांधावर थांबला.

"वहिनी पास झाल्या," गुरुजी म्हणाले. "आषाढात ट्रेनिंगला जायचं."

तानुबाई खालीच बसली. दैवशालानं पदर तोंडावर घेतला. तिचे पाय जळत होते, ते आत्ता तिला जाणवलं. किशनरावानं घसा खाकरला. "वरीसभर जायचं? आन पोरगी?"

"पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल," तानुबाई म्हणाली. "वावर बी ऱ्हाईल. पेरायला तू ये चार दिस. तुझे हात हायत की."

किशनराव खाली बघून "येतो" म्हणाला.

बन्सीधरला ह्यातलं काहीच ऐकू आलं नसावं. तो गुरुजींच्या समोर जाऊन उभा राहिला. "गुरुजी, एक इचारायचंय. जवाब उणे येतो का?"

"येतो की. ऋण संख्येचा धडाच आहे ना पुस्तकात."

"चौथ्या उदाहरणाचा जवाब काय होता?"

गुरुजींनी आठवून बघितलं. "उणे पाच. पुष्कळ पोरांचं चुकलं ते."

आई, भाऊ, गुरुजी सगळे तिथंच होते. बन्सीधर मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मग माझं चुकलं होतं. हिला मी गाडीत नको ते बोललो."

नवऱ्यानं चारचौघांत असं म्हणायची तिथं कुणाला सवय नव्हती. किशनराव धसकटांच्या ढिगाशी गेला आणि उगीच दोन-चार उचलून त्यावर टाकली. थोड्या वेळानं तो आणि गुरुजी रस्त्याला लागले. तानुबाई पारूला घेऊन घराकडं गेली.

दोघंच उरली. बन्सीधर तिच्या शेजारच्या तासात येऊन बसला आणि डाव्या हातानं धसकट उपटून टाकलं. मग दुसरं.

"उणे पाच म्हंजी काय असतं गं?" त्यानं विचारलं. "महिना झाला, मी बघायलोय. डोळ्यांपुढं येत न्हाई."

दैवशालानं विचार केला. खोटं सांगावंसं तिला वाटलं नाही.

"मला बी न्हाई दिसत," ती म्हणाली. "पण ताळा जुळतो."

तो हसला. हात गेला त्या माघापासून पहिल्यांदा हसला. ऊन कलेपर्यंत दोघांनी धसकटांचा तो तास संपवला.